शटडाउन केले, तरी पंखा फिरतोच

हिंगोली जिल्ह्यातल्या कळमनुरीसारख्या तालुक्याच्या गावात संगणकाचा दिवस बहुतेक वेळा भिंतीवरच्या बोर्डाने संपतो. शाळेची संगणक खोली असो, सेतू केंद्र असो की झेरॉक्सच्या दुकानातला कोपरा असो. संध्याकाळी ‘शटडाउन’ केले जाते, पडदा काळा होतो, पांढऱ्या इंग्रजी अक्षरांच्या दोन-चार ओळी उमटतात आणि गाडी तिथेच अडते. सीपीयूच्या डब्यावरचा दिवा तसाच जळत राहतो, आतला पंखा तसाच घुमत राहतो. मिनिटभर वाट पाहून कोणी तरी बोर्डाचे बटण बंद करते आणि खोलीला कुलूप लागते. असे आठवडाभर झाले की हार्डवेअरवाल्याला बोलावणे जाते आणि त्याचे निदान तयारच असते: लिनक्स टाकलंय ना, ते असंच असतं, फॉरमॅट मारून विंडोज टाकून देतो. या एका वाक्यावर लिनक्ससारख्या खुल्या प्रणालीचे किती संगणक बाद झाले असतील, याची मोजदाद कुठे ठेवली जात नाही. माझे म्हणणे असे की हे निदान बहुतेक वेळा चूक असते. शटडाउननंतर बंद न होणारा संगणक हा खरेदीचा आणि देखभालीचा दोष आहे, तो फुकटच्या प्रणालीच्या माथी मारला जातो. आणि ज्या गावात सर्व्हिस सेंटर नाही, तिथे खुलीच प्रणाली हवी, कारण तिचा बिघाड वाचता येतो.

संगणक बंद करणे हे मुळात प्रणालीचे काम नव्हतेच. नव्वदच्या दशकातल्या जुन्या डब्यांना दिव्याच्या बटणासारखे खरे बटण असे. ते दाबले की वीज तुटायची. विंडोज ९५ म्हणूनच काम आवरल्यावर नारिंगी अक्षरांत ‘आता संगणक बंद करायला हरकत नाही’ अशा अर्थाची पाटी लावून थांबत असे. पुढचे बटण माणसाने दाबायचे. १९९५मध्ये इंटेलने एटीएक्स नावाची रचना आणली आणि हे चित्र बदलले. आजही कुठल्याही डेस्कटॉपचा डबा उघडला तर वीज पुरवणाऱ्या एसएमपीएसमधून मदरबोर्डकडे जाणारा तारांचा जाड गुंता दिसतो. त्यात एक हिरवी तार असते आणि एक जांभळी. जांभळ्या तारेत, बोर्डाचे बटण चालू आहे तोवर, पाच व्होल्ट कायम असतात. संगणक ‘बंद’ असतानाही. हिरवी तार म्हणजे हुकमाची तार. मदरबोर्डने ती खाली ओढून धरली की एसएमपीएस पूर्ण वीज सोडतो, सोडून दिली की वीज तुटते आणि पंखा थांबतो. म्हणजे आपण ज्याला पॉवरचे बटण म्हणतो ते केवळ अर्ज करते. मंजुरी मदरबोर्ड देतो, आणि शटडाउनच्या वेळी तो अर्ज प्रणालीला करावा लागतो.

हा अर्ज कोणत्या नमुन्यात करायचा, त्याची दोन बाडे निघाली. १९९२मध्ये इंटेल आणि मायक्रोसॉफ्टने एपीएम आणले. डिसेंबर १९९६मध्ये इंटेल, मायक्रोसॉफ्ट आणि तोशिबा यांनी मिळून एसीपीआय आणले, तेच आजवर चालू आहे. एसीपीआयमध्ये मदरबोर्ड बनवणारी कंपनी बायोसमध्ये, म्हणजे मदरबोर्डवरच बसवलेल्या सुरुवातीच्या प्रोग्रॅममध्ये, एक तक्ता लिहून ठेवते: या मशीनला झोपवायचे तर अमुक आकडा, पूर्ण बंद करायचे तर तमुक आकडा, आणि त्याआधी ही एवढी तयारी. प्रणालीने तो तक्ता वाचायचा, सांगितलेली तयारी करायची आणि सांगितलेला आकडा सांगितलेल्या जागी लिहायचा. एवढे झाले की मदरबोर्डवरच्या चिपसेटने हिरवी तार सोडून द्यायची. तक्ता चुकीचा असेल तर प्रणाली कितीही सरळ वागली तरी पंखा फिरत राहणार. आणि तक्ता लिहिलेला असतो कंपनीने.

आता त्या काळ्या पडद्याकडे जरा जवळून पाहू. ‘बंद होत नाही’ या एका तक्रारीत निदान चार वेगळे आजार दडलेले असतात आणि प्रत्येकाचे लक्षण शेवटच्या ओळीत असते. ती ओळ ‘सिस्टीम हॉल्टेड’ अशी असेल तर काहीच बिघडलेले नाही; कोणी तरी ‘पॉवरऑफ’ऐवजी ‘हॉल्ट’ हा हुकूम दिला आहे, आणि हॉल्टचा अर्थच ‘काम थांबव, वीज तोडू नकोस’ असा आहे. पडद्यावर ‘अ स्टॉप जॉब इज रनिंग’ असे येऊन सेकंद मोजले जात असतील, तर कुठला तरी प्रोग्रॅम आवरते घ्यायला तयार नाही. नेटवर्क तुटल्यावर दुसऱ्या संगणकावरचे फोल्डर सोडवत बसणे, हे त्याचे नेहमीचे उदाहरण. आजच्या बहुतेक लिनक्समध्ये या वाट पाहण्याची मुदत ९० सेकंदांची असते. मिनिटभर थांबून बोर्डाचे बटण बंद करणारा माणूस म्हणजे तीस सेकंद आधी धीर सोडतो. तिसरा प्रकार, ‘पॉवर डाउन’ ही ओळ उमटते आणि तरीही पंखा फिरतो. इथे प्रणालीने आपला अर्ज दिलेला आहे. अडले आहे ते बायोसच्या तक्त्यात किंवा एखाद्या उपकरणाच्या ड्रायव्हरमध्ये. फार जुन्या डब्यांत पूर्वी आणखी एक गंमत व्हायची. बायोसची तारीख ठरावीक वर्षाच्या आधीची दिसली की लिनक्स त्याच्या एसीपीआयवर विश्वासच ठेवत नसे, आणि सुरू होताना ‘एसीपीआय=फोर्स’ एवढी सूचना दिली की तेच मशीन गुपचूप बंद होई. चौथा प्रकार सर्वांत फसवा: संगणक नीट बंद होतो आणि काही सेकंदांनी किंवा काही तासांनी आपला आपण उठून बसतो. सकाळी कुलूप काढणाऱ्याला तो चालू दिसतो आणि काल बंदच झाला नव्हता असे त्याचे मत होते.

या चारांवर एकच इलाज, तोही फॉरमॅट, म्हणजे ताप, पोटदुखी, मोच आणि खरूज यांवर एकच सुई. पण हार्डवेअरवाल्याला दोष देऊन भागत नाही, कारण ती शेवटची ओळ पाहणे हेच मुळात अवघड करून ठेवले आहे. आजच्या लिनक्समध्ये बंद होताना कंपनीच्या चिन्हासारखे एक चित्र फिरत असते आणि ओळी त्याच्यामागे झाकलेल्या असतात. बहुतेक ठिकाणी एस्केपचे बटण दाबले की चित्र जाते आणि ओळी दिसतात, पण हे कोणी सांगत नाही. शिवाय प्रणाली आपली रोजची नोंदवही डिस्कवर लिहिते खरी, पण बंद होण्याच्या अगदी शेवटच्या टप्प्यात डिस्कच सोडवलेली असते. त्यामुळे नेमक्या ज्या ओळीशी आपले काम आहे ती नोंदवहीत सापडत नाही. तिचा मोबाइलने फोटो काढणे हाच उपाय, आणि तो वाटतो तितका हास्यास्पद नाही. त्या ओळी मराठीत का नसतात, याचेही कारण आहे. लिनक्सचे मेनू आणि खिडक्या मराठीत करता येतात, पण हा शेवटचा काळा पडदा इतका प्राथमिक असतो की काना, वेलांटी आणि जोडाक्षरे जुळवण्याची सोयच त्याच्यात नाही. तेव्हा पाच-सहा इंग्रजी वाक्ये ओळखीची करून घेण्याला पर्याय नाही. एसटीच्या पाटीवरची गावे ओळखायला जेवढे शिक्षण लागते, तेवढे त्याला पुरते.

चौथ्या प्रकारावर मी जरा रेंगाळणार आहे, कारण तो आपल्या भागाचा खास आजार आहे. जिथे वीज चोवीस तास असते तिथे तो सहसा कळतही नाही. बायोसमध्ये एक सेटिंग असते: गेलेली वीज परत आली की काय करायचे? पर्याय तीन. चालू व्हायचे, बंदच राहायचे, किंवा वीज गेली तेव्हा जसे होतो तसे व्हायचे. कार्यालयांसाठी बनवलेल्या काही डब्यांत ते ‘चालू’ वर ठेवलेले असते, आणि मग रात्री लाइट जाऊन आली की नीट बंद केलेला संगणक रिकाम्या खोलीत सुरू होतो. तिसरा पर्याय त्याहून नाटकी आहे. संध्याकाळी पंखा फिरत असतानाच बोर्डाचे बटण बंद केले की मशीनच्या लेखी शेवटची अवस्था ‘चालू’ अशी नोंदली जाते. दुसऱ्या दिवशी बोर्ड चालू केला की कोणी हात न लावता सगळे डबे एकदम घुमू लागतात. यात लिनक्सचा संबंध कुठे आला? कुठेही नाही. विंडोज असते तरी हेच झाले असते, पण तेव्हा कोणी विंडोजला बोल लावला नसता.

त्यातच एक नाण्याएवढा सेल असतो, मदरबोर्डवर, तीन व्होल्टचा, शंभर रुपयांच्या आत मिळणारा. तारीख-वेळ आणि बायोसची सेटिंगे टिकवणे हे त्याचे काम. भिंतीतली वीज चालू असते तोवर जांभळ्या तारेतली वीज हा भार उचलते आणि सेलवर ताण येत नाही; बोर्डाचे बटण बंद झाले की सगळा भार सेलवर. जिथे रोज संध्याकाळी मेन स्विच पाडायची शिस्त आहे आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत खोली दोन महिने बंद राहते, तिथे हा सेल लवकर मरतो. मग प्रत्येक वेळी बायोस आपल्या कारखान्यातल्या मूळ सेटिंगवर जातो, आपण केलेला बदल पुसला जातो आणि तारीख कित्येक वर्षे मागे जाते. तारीख मागे गेली की सुरक्षित संकेतस्थळे उघडायला नकार देतात, कारण त्यांची प्रमाणपत्रे संगणकाच्या हिशेबाने अजून जन्मलेलीच नसतात. आता तक्रार अशी होते: लिनक्स बंदही होत नाही आणि त्यात नेटही चालत नाही. दोन्हींचे मूळ एका मेलेल्या सेलमध्ये. सेल बदला, तारीख लावा, वीज परत आल्यावर बंद राहण्याचा पर्याय निवडा, नेटवर्क केबलवरून संगणक उठवण्याची सोय बायोसमध्ये काढून टाका. या चार कामांना एका डब्यामागे पंधरा मिनिटेही लागत नाहीत.

यावर कोणी म्हणेल, पंखा फिरला तर फिरला, एवढे काय त्याचे? हिशेब करू. बंद न झालेला डबा ४० वॅट खातो असे धरले आणि संध्याकाळी सहा ते सकाळी आठ असे चौदा तास मोजले, तर एका डब्याचे रात्रीचे अर्ध्या युनिटहून थोडे जास्त होते. दहा डब्यांच्या खोलीत साडेपाच युनिट, रोज. पण बिलापेक्षा इन्व्हर्टरचे दुखणे मोठे. रात्री लाइट गेली की हे रिकामे घुमणारे डबे बॅटरी पीत बसतात, आणि सकाळी ज्या तासासाठी ती बॅटरी घेतली होती त्या तासाला ती उतरलेली असते. आणि बोर्डाचे बटण हा उपाय म्हणाल, तर ‘पॉवर डाउन’ ही ओळ दिसल्यानंतर ते दाबले तर डिस्कला धोका नाही. ती आधीच सोडवलेली असते. त्याच्या आधी दाबले तर आहे. लिनक्सची आजची फाइल-रचना असे धक्के पुष्कळ पचवते, पण पचवते म्हणून रोज द्यावेत असे नाही. पॉवरचे बटण चार सेकंदांहून अधिक दाबून धरणे हाही तोच धक्का. त्यापेक्षा अडलेल्या लिनक्सवर ऑल्ट आणि सिसरिक्वेस्ट ही बटणे धरून क्रमाने एस, यू, ओ दाबावे. ते सारे लिहून घ्यायला लावते, डिस्क फक्त वाचण्यापुरती ठेवते आणि मग वीज तोडायचा हुकूम देते. कळफलकावर प्रिंटस्क्रीनच्या बटणावरच बहुधा सिसरिक्वेस्ट छापलेले असते. वर्षानुवर्षे ते तिथे कशाला आहे, असा प्रश्न अनेकांना पडलेला असतो.

आता नेहमीचा आणि वजनदार आक्षेप: मग विंडोजवर हे का होत नाही? होत नाही असे नाही, पण कमी होते हे खरे. कारण असे की मदरबोर्ड बनवणारी कंपनी आपला तक्ता विंडोजवर चालवून पाहते, तिथे चालला की माल बाहेर. तक्त्यात चूक असली आणि विंडोजने ती खपवून घेतली, तर ती चूक कोणाच्या लक्षातही येत नाही. हे तक्ते तयार करायला मायक्रोसॉफ्टचे एक साधन होते आणि इंटेलचे एक. मायक्रोसॉफ्टच्या साधनातून बिनबोभाट गेलेले कित्येक तक्ते इंटेलच्या साधनाला दाखवले की चुका निघत. यात केवळ आळस होता की आणखी काही, यावर पुष्कळ वाद झाले. २४ जानेवारी १९९९च्या एका ईमेलमध्ये बिल गेट्स यांनी एसीपीआयची वाढीव रचना विंडोजपुरतीच राखता येईल का, आपण खपून केलेल्या कामाचा फायदा लिनक्सला फुकट मिळणे बरे नाही, असा विचार आपल्या सहकाऱ्यांपुढे मांडला होता. अमेरिकेतल्या आयोवा राज्यातल्या एका खटल्यात ते पत्र पुराव्यात आले म्हणून जगाला कळले. तो विचार पुढे अमलात आणला गेला असे सिद्ध झालेले नाही, आणि मी तसे म्हणतही नाही. पण त्याच वर्षी १ मे रोजी परभणीतून वेगळा होऊन हिंगोली जिल्हा झाला. म्हणजे जिल्ह्याच्या कचेऱ्यांना संगणक मिळायच्या आधीच, ते कोणत्या प्रणालीवर नीट बंद होतील याची चर्चा दूर कुठे तरी चाललेली होती.

लिनक्स लिहिणाऱ्यांनी यावर तोडगा काढला तो मोठा मासलेवाईक आहे. बायोसचे अनेक तक्ते सुरुवातीलाच प्रणालीला विचारतात: तू अमुक विंडोज आहेस का? लिनक्स बेधडक ‘हो’ म्हणते. ‘तू लिनक्स आहेस का?’ असे विचारले तर मात्र ‘नाही’ म्हणते. कारण लिनक्ससाठी म्हणून कंपन्यांनी लिहिलेल्या वाटा कोणी तपासलेल्याच नसत. विंडोजसाठीच्या वाटा निदान मळलेल्या तरी असत. याशिवाय लिनक्सच्या मूळ कोडमध्ये चक्क कंपन्यांची आणि मॉडेलांची नावे घालून अपवाद लिहिलेले आहेत: हे मशीन दिसले तर असे वागा, ते दिसले तर तसे. एखाद्या जुन्या पाटलाच्या वहीत कुळागणिक नोंदी असाव्यात तसे ते वाचायला वाटते. २०१३मध्ये इंटेलच्या चौथ्या पिढीच्या, हॅसवेल नावाच्या, काही संगणकांत यूएसबीच्या नियंत्रकामुळे शटडाउननंतर मशीन पुन्हा उठत असे. त्याच वर्षी लिनक्समध्ये त्याची दुरुस्ती आली, आणि ती कोणालाही उघडून वाचता येते. खुल्या प्रणालीच्या बाजूने माझा युक्तिवाद मुख्यतः यावर उभा आहे. तिच्यात चुका कमी आहेत असा माझा दावा नाही. पण चूक कुठे आहे, ती कोणी कधी दुरुस्त केली आणि आपल्या मशीनवर ती दुरुस्ती आली आहे की नाही, हे कळमनुरीत बसून पाहता येते. बंद प्रणालीत ते पाहायला परवानगीच नाही.

आणि विंडोजचे ‘बंद’ तरी किती बंद असते? २०१२च्या विंडोज ८पासून त्यात जलद सुरुवातीची एक सोय आहे. तिच्यामुळे शटडाउन केल्यावर प्रणालीचा गाभा मोडला जात नाही; तो डिस्कवर साठवून ठेवला जातो आणि सकाळी तसाच उचलला जातो. म्हणून एकाच डब्यात दोन्ही प्रणाली असतील तर लिनक्सला विंडोजचा भाग अर्धवट झोपलेला सापडतो आणि ते त्यात लिहायला नकार देते. मग पुन्हा तक्रार: लिनक्समध्ये फाइल सेव्ह होत नाही. ही सोय वाईट आहे असे नाही. पण एक प्रणाली पूर्ण बंद होते असे मानायचे आणि दुसरीलाच आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करायचे, ही वाटणी बरोबर नाही.

दुसरा आक्षेप मला अधिक गंभीर वाटतो: हे सारे खरे, पण ते करणार कोण? शिक्षकाला पोषण आहाराच्या नोंदींपासून निवडणुकीपर्यंत कामे; सेतूवाल्यासमोर दाखल्यांची रांग. बिघडलेला डबा हिंगोलीला किंवा नांदेडला न्यायचा, दोन दिवस ठेवायचा, विंडोज घालून आणायचा, हेच व्यवहाराचे, असे कोणी म्हटले तर त्याला मूर्ख म्हणता येणार नाही. पण त्या व्यवहारात सेल बदलला गेलेला नसतो, बायोसचे सेटिंग तसेच असते, आणि परवान्याचा प्रश्न तर कोणी विचारतच नाही. केरळने हा प्रश्न माणसांच्या बाजूने सोडवला. तिथल्या सरकारी शाळांनी गेल्या दोन दशकांत लिनक्सची वाट धरली तेव्हा सीडी वाटून काम संपले असे मानले नाही. शिक्षकांतूनच प्रशिक्षक तयार केले गेले, आणि २०१८पासून ‘लिटल काइट्स’ या नावाने विद्यार्थ्यांचे गट उभे राहिले, ज्यांच्या शिक्षणात हार्डवेअरही आहे. जवळचे उदाहरण गोव्याचे. तिथे २०००नंतरच्या पहिल्या वर्षांत परदेशातून आलेले वापरलेले संगणक शाळांना देऊन त्यांवर लिनक्स चालवण्याचा उपक्रम झाला होता.

आपल्याकडे तयारी नाही असेही नाही. मुंबईच्या आयआयटीच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात लिनक्सचे छोटे छोटे पाठ मराठी आवाजात फुकट उपलब्ध आहेत. सी-डॅकच्या चेन्नई केंद्राने बॉस नावाची भारतीय लिनक्स प्रणाली २००७च्या सुमारास आणली, तिच्यात मराठी आहे. आयटीआयच्या कोपा या अभ्यासक्रमात लिनक्सची ओळख आहे. पण हे बहुतेक सगळे वापर शिकवते: फाइल कशी उघडायची, पत्र कसे लिहायचे. बिघडलेल्या मशीनपुढे बसून शेवटची ओळ वाचायची आणि चारांपैकी कोणता आजार ते ठरवायचे, हा धडा त्यात मावत नाही. तो घातला तर वर्षाला तालुक्यात दहा मुले जरी तयार झाली तरी प्रत्येक मोठ्या गावाला एक हात मिळेल. आणि बंद न होणारा संगणक हा त्या धड्यासाठी उत्तम नमुना आहे. तो धोकादायक नाही, त्यात कोणाची माहिती जात नाही, त्यात तारांपासून बायोसपर्यंत आणि प्रणालीपासून भारनियमनापर्यंत सारे येते, आणि उत्तर बरोबर आले की नाही हे पंखाच सांगतो.

तिसरा आक्षेप मी मान्यच करतो. काही सरकारी कामे आजही विंडोजशिवाय अडतात. डिजिटल सहीच्या यूएसबी टोकनांचे, बोटांचे ठसे घेणाऱ्या यंत्रांचे ड्रायव्हर लिनक्सवर मिळत नाहीत किंवा मिळवताना जीव मेटाकुटीला येतो. जुन्या मराठी फॉन्टांत टाइप केलेली पत्रे युनिकोडमध्ये आणणे हेही एक वेगळेच खाते. अशा खिडकीवर विंडोज राहू द्या. पण शाळेच्या खोलीतल्या दहा डब्यांना सही करायची नसते. एका खिडकीची अडचण साऱ्या खोलीला लावणे, ही केवळ सवय आहे.

हा विषय आताच काढण्याचे कारण कॅलेंडरमध्ये आहे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १०चा नियमित आधार संपला. विंडोज ११ला टीपीएम २.० नावाची सुरक्षा चिप लागते, आणि इंटेलचे प्रोसेसर साधारणपणे आठव्या पिढीपासून पुढचेच चालतात. कंपन्यांच्या कचेऱ्यांतून निघालेले आणि आपल्या बाजारात सेकंडहँड म्हणून मिळणारे चौथ्या पिढीचे चांगले, मजबूत डबे त्यात बसत नाहीत. त्यांना भंगारात घालायचे, आधार संपलेल्या प्रणालीवर तसेच ओढायचे, की त्यांवर लिनक्स घालून आणखी काही वर्षे चालवायचे, एवढेच मार्ग उरतात. २०१३ची ती यूएसबीची दुरुस्ती ज्या पिढीसाठी झाली, ते हेच डबे. शेजारच्या औंढा नागनाथ तालुक्यात गुरुत्वीय लहरी टिपणारी लायगो-इंडिया ही वेधशाळा उभी राहत आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३मध्ये तिला २,६०० कोटी रुपयांची मंजुरी दिली. लायगोचे जगभरातले विश्लेषण लिनक्सवर चालते. एकाच जिल्ह्यात एका ठिकाणी लिनक्स ब्रह्मांडाची नोंद ठेवणार आणि दुसऱ्या ठिकाणी ‘ते असंच असतं’ म्हणून पुसले जाणार, हे काही शोभत नाही.

म्हणून मागणी साधी आहे आणि ती जिल्हा परिषदेपासून ग्रामपंचायतीपर्यंत, संगणक विकत घेणाऱ्या प्रत्येकाकडे आहे. केंद्र सरकारच्या २०१५च्या धोरणाने निविदेत खुल्या प्रणालीचा विचार करणे सक्तीचे केले आहे, आणि तो टाळला तर कारण द्यायला सांगितले आहे. राज्याच्या आणि स्थानिक संस्थांच्या खरेदीत त्याच्या पुढे एक ओळ घाला. नवा असो की सेकंडहँड, पुरवठादाराने प्रत्येक डबा लिनक्सवर सुरू करून, शटडाउन करून, पंखा थांबलेला दाखवावा. मग बोर्डाचे बटण बंद करून पुन्हा चालू करावे आणि डबा बंदच राहतो हेही दाखवावे. बायोसमध्ये ते सेटिंग करून द्यावे आणि सेल नवा घालावा. हे झाल्याशिवाय बिल पास करू नये. ही तपासणी करायला एका डब्यामागे दहा मिनिटे लागतात.